घडीच्या खुर्चीचा मतदारसंघ

गॉर्डनसाहेब गेल्याचं त्यांच्या मुलीने, आयलाने, फोनवर कळवलं. पाठोपाठ तिथल्या वर्तमानपत्राचं कात्रण आलं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या बंदराच्या गावाने आपल्या माणसाला चार ओळींत आटपलं होतं. एकदा निवडून आले, पुढे प्रत्येक निवडणूक हरले, मधली काही वर्षं परदेशात नोकरी. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिना उलटला तरी उतरली नाही, म्हणून लिहायला बसले. ती मधली वर्षं बहारीनमधली, आणि ती मी पाहिली आहेत.

नव्वदच्या दशकात मी तिथे जहाजं रंगवणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत टायपिस्ट होते. गॉर्डनसाहेब सेफ्टी ऑफिसर म्हणून आले. त्याआधी ते त्यांच्या भागातल्या, आपल्या जिल्हा परिषदेसारख्या, कौन्सिलचे सभासद होते. सरकारने ती कौन्सिलंच मोडीत काढली. मी हरलो नाही, माझ्याखालची खुर्ची काढून घेतली, असं ते हसत सांगायचे... हसणं फार लांबायचं नाही. गावी दर आठवड्याला ठरलेल्या जागी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची त्यांना सवय होती, ती काही सुटेना. उम्म अल हस्सम या वस्तीतल्या एका मलबारी कॅफेटेरियाच्या मागे शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, सकाळी ते घडीची खुर्ची मांडायचे. खुर्ची येणाऱ्यासाठी, स्वतः पालथ्या क्रेटवर. दुभाषी मी. एवढ्या दिवसांत माझ्याकडून ते मराठी शिकले दोनच शब्द, "बसा आधी." माझ्या यजमानांना हे उद्योग मुळीच पसंत नव्हते. "गोऱ्याचं काय जातंय? व्हिसा जाईल तो आपला," असं ते म्हणत. त्यांचंही खोटं नव्हतं.

एका शुक्रवारी गुहागरचा शांताराम पेंटर आला. गावी आई अंथरुणाला खिळलेली, रजा मिळेना, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मॅनेजरचं रोजचं उत्तर एकच, इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात. आमच्या ऑफिसात कामगाराने उभंच राहायचं, असा न लिहिलेला नियम होता. शनिवारी गॉर्डनसाहेबांनी घडीची खुर्ची आणून मॅनेजरच्या केबिनसमोर मांडली, रंगाने माखलेल्या शांतारामला "बसा आधी" म्हणाले आणि स्वतः बाजूला उभे राहिले. शांताराम अवघडून कडेला टेकला. सगळं ऑफिस माना खाली घालून बघत होतं. मॅनेजर बाहेर आला आणि हा काय तमाशा म्हणून मलाच विचारू लागला. शांताराम हळूच म्हणाला, "ताई, आय वाट बघतेय. पासपोर्ट तेवढा द्या म्हणावं." मी ते इंग्रजीत सांगितलं. मॅनेजरने विचारलं, हे म्हणणं त्याचं की तुझं? यजमानांचा चेहरा डोळ्यांसमोर आला... मग म्हटलं, "त्याचं. आणि माझंही."

दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथेच. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने पासपोर्ट टेबलावर आपटला. शांतारामला आई भेटली, तिने डोळे उघडून त्याला ओळखलं. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी टिकली. गॉर्डनसाहेबांचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. जाण्याआधी खुर्ची माझ्या दारात आणून ठेवताना म्हणाले, गावी जाऊन पुन्हा निवडणुकीला उभा राहणार. पडाल, मी म्हटलं. पडलो तर शुक्रवारी पुन्हा बसेन, म्हणाले. पडले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. आयला सांगते, अगदी आजारी पडेपर्यंत बाबा दर शुक्रवारी गावच्या बेकरीत बसत होते.

हरलेला माणूस म्हणे! मतांवरच मोजायचं तर ज्यांना मतच नव्हतं त्यांची मोजदाद कुठे करायची? त्यांची खरी कारकीर्द बहारीनमध्ये झाली, हे मी ठासून सांगते. त्या चार ओळी छापणाऱ्यांनी हवं तर खोडून दाखवावं.

खुर्ची आता चिपळूणला माझ्या ओटीवर असते. कापड बदललंय, सांगाडा तोच. काल खालच्या आळीतली सुमन आली. नळाला पाणी नाही, नगरपालिकेत कुणी उभं करत नाही, सांगता सांगता दारातच रडकुंडीला आली. मी खुर्ची उघडली आणि म्हटलं, "बस आधी." मग तिचं सगळं ऐकून घेतलं. उद्या आम्ही दोघी नगरपालिकेत जाणार आहोत. तिथे साहेबाच्या दारासमोर बसायला काही नसतं, हे मला ठाऊक आहे. खुर्ची बरोबर नेतेय.