पुस्तकांची भिशी

आमच्या जठारपेठेतल्या भिशीत पैसे नसतात, पुस्तकं असतात. महिन्याला वाटीतून एक चिठ्ठी निघते. जिची चिठ्ठी, ती पुस्तक ठरवणार आणि बाकीच्यांनी ते मुकाट्यानं वाचायचं. एकच प्रत हातोहात फिरते. कल्पना माझीच, म्हणूनच बहुधा माझी चिठ्ठी निघेना.

तोवर मी काय काय सोसलं. पहाटे उठलं की आयुष्य बदलतं, असं सांगणारं एक जाडजूड पुस्तक. मी आयुष्यभर नळासाठी पहाटेच उठतेय, काडीचा फरक पडला नाही. ऐतिहासिक कादंबरीत पानोपानी तलवारी, पण एवढ्या फौजेचा स्वयंपाक कोण करत होतं, त्याचा पत्ता नाही. रहस्यकथा बरी चालली होती, तर आधीच्या बाईनं खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. आणि एका कादंबरीत आम्ही वऱ्हाडी माणसं तोंड उघडलं की विनोदच करतो. ती वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कविता तेवढ्या आवडल्या, पण त्या महिन्यात लग्नसराई. कुणी जमलंच नाही.

शेवटी एकदाची माझी चिठ्ठी निघाली. घर सोडून जायला निघालेल्या बाईची छोटीशी कादंबरी मी निवडली. अमरावतीला कॉलेजात असताना वाचलेली. तेव्हापासून तिच्याबद्दल कुणाशी तरी पोटभर बोलायचं राहून गेलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

जमायच्या दिवशी मी आलूबोंडे केले. "छान आहे," "मस्त आहे," म्हणत सगळ्या बोंड्यांकडे वळल्या. शेवट कसा वाटला, विचारलं. "शेवट तर फारच छान."

शेजारच्या वहिनी तेवढ्या गप्प होत्या. त्यांचं माहेर वलगावचं, बोलणं रोखठोक.

"मले तं नाई आवडलं," त्या म्हणाल्या. "अर्धं पुस्तकभर ते बाई खिडकीतच उभी हाये. जायचं तं जा म्हना. मनातल्या मनात कायले कुढून राहिली?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला ती समजलीच नाही, वहिनी."

"समजली ना, म्हनून तं राग आला. तिनं भरलेली बॅग पुन्हा खोलली, तवा मी पुस्तक फेकूनच देल्लं."

इतक्या वर्षांचं माझं पुस्तक, आणि फेकून दिलं म्हणे.

बाकीच्या गेल्या. ताटल्या उचलताना माझ्या लक्षात आलं. ती बाई बॅग उघडते, ते अगदी शेवटच्या पानावर. म्हणजे वहिनींनी फेकलं ते सगळं वाचूनच.

वहिनी दाराशी चपला घालत होत्या.

"बसा," मी म्हणाले. "मला अजून भांडायचं आहे."