बिजूने गिऱ्हाईक परत पाठवलं

"दोन आठवडे. नाही खपलं तर त्या जागी फ्रोझन पराठे," मॅनेजर निसरीन मॅडम म्हणाल्या. त्या लेबनॉनच्या. वाद घालायला वेळ देत नाहीत.

प्रश्न अबू नासिर यांच्या बीफचा होता. शहराबाहेर, शहानियाच्या पलीकडे वाळवंटात त्यांची चाळीसेक गुरं. इथे आखातात, अल हिलाल भागातल्या आमच्या सुपरमार्केटमध्ये त्यांना चार फुटांचं काउंटर मिळालं होतं, पण लोक शेजारचं परदेशी पाकीट उचलत. "त्यावर निदान मोठ्या कंपनीचं नाव असतं. मला कोण ओळखतं?" अबू नासिर म्हणाले.

मी तिथे ट्रेसेबिलिटी बघते. म्हणजे पाकिटातला तुकडा कुठल्या जनावराचा, हे कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावरून शोधता आलं पाहिजे. नाशिकला आमचं घर चळवळीतलं, दर प्रश्नावर पत्रक निघायचं. मीही काढलं. चारा, लसी, हलाल सर्टिफिकेट, क्यूआर कोड, सगळं तीन भाषांत. लोकांनी ते घेतलं आणि ट्रॉलीत कोथिंबिरीखाली ठेवलं.

गर्दी बिजूपुढे. बिजू कोट्टायमचा, आमच्या काउंटरवरचा खाटीक. सुरीला धार लावता लावता तो बोलायचा आणि लोक थांबून ऐकायचे. मला ते बघवत नव्हतं. लिहायचं मी, आणि मान याला.

सोमवारी हैदराबादच्या एक आंटी माझं पत्रक हातात घेऊन आल्या. पहिल्याच. मी खूश झाले.

"बेटी, तू खाल्लंयस हे?"

"नाही. आमच्याकडे खात नाहीत."

"मग तुला काय माहीत?" त्या बिजूकडे वळल्या.

बिजूने तुकडा बोटाने दाबला. "आज नको, आंटी. दूध आटलेली गाय आहे, नऊएक वर्षांची. दोन तास शिजवलंत तरी चिवट. खिमा हवा तर देतो. गुरुवारी गोऱ्ह्याचं येईल, तेव्हा या."

आंटी रिकाम्या हाताने गेल्या.

मी तडक मॅडमच्या केबिनमध्ये. "बिजू गिऱ्हाइकं परत पाठवतो." काउंटरच्या काळजीने गेले असते तर सांगायला बरं वाटलं असतं.

मॅडमनी त्याला बोलावलं. "नऊ वर्षं, हे तुला कोणी सांगितलं?"

"मांसावरून कळतं, मॅडम. यांच्या फायलीतही असेल."

होतं. नऊ वर्षं, दोन महिने. जनावरांच्या वयाची ओळ पत्रकातून मीच काढली होती. बरी दिसत नव्हती.

मॅडमनी फाईल पाहिली, मग पत्रक, मग माझ्याकडे. "यल्ला, चला. गुरुवारी बघू."

गुरुवारी आंटी आल्या, सोबत दोन शेजारणी. दुपारच्या आत ट्रे रिकामा. पुढच्या आठवड्यात खिमासुद्धा उरला नाही.

आता काउंटरवर एक फळा आहे. बिल्ल्याचा नंबर, जनावराचं वय, आणि आजचं मांस कशाला चांगलं: निहारी, खिमा की फ्राय. अबू नासिर सकाळी स्वतः येऊन लिहितात. पराठ्यांना दुसरीकडे जागा मिळाली. फळ्याची कल्पना अर्थात बिजूची. माझं काम, त्यावरचं वय फायलीशी ताडून पाहणं. आंटी मला बघून मान हलवतात आणि बिजू मोकळा व्हायची वाट बघत उभ्या राहतात.

पत्रकात खोटं छापायचं नाही, एवढं घरी शिकवलं होतं. खरं गाळायचंही नाही, हे मी बिजूकडून शिकले. त्याला अजून सांगितलेलं नाही.