बिनसुईचा कॅमेरा

आधी नसीमखालाचं नाव घेते, मग बाकीचं. ती संभाजीनगरजवळच्या आमच्या कन्नड गावची, आमच्याच गल्लीतली, शिवणकाम करणारी. मी बेंगळुरूला निघाले तेव्हा स्टँडवर सोडायला आई आली होती, पण गाडी हलल्यावर आईला धरून उभी राहिली ती खाला. "जा बेटी, माँ कू मैं देखतूं." आई एवढंच म्हणाली, "पोचली की फोन कर." आठवीत शाळा सुटलेली मी, नवऱ्याच्या मागं निघालेली. हात हलवायचंही सुधरलं नाही.

इथं एका संशोधन संस्थेत उंदरांचे पिंजरे धुते. तिथल्या मॅडमनी एकदा कॅमेरा दाखवला. उंदराच्या अंगात कॅन्सरच्या पेशी सोडतात, त्या पेशींत काजव्याचा गुण घातलेला असतो. औषधाची सुई दिली की त्या आतून उजळतात, पण इतक्या मंद की डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून उंदराला गुंगी देऊन काळ्या पेटीत ठेवतात, दार लावतात, आणि कॅमेरा तो उजेड हळूहळू गोळा करत बसतो. मग पडद्यावर गाठीच्या जागी लाल-निळा ठिपका येतो. उंदीर न कापता.

हे फोनवर आईला सांगितलं, तर तिनं गल्लीभर केलं. "माझी लेक गाठ बघायच्या कॅमेऱ्यावर हाय." शाळेतून काढून घरी बसवलेल्या लेकीचं एवढं कौतुक पहिल्यांदाच.

पुढं तिच्याच छातीत गाठ आली, तेव्हा मात्र ती कुणाला बोलली नाही. झंपराचं माप घेताना खालाच्या बोटांना लागली, आणि खालानं मला कळवलं. मी आईला म्हटलं, संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात जा, सुई घालून तपासतात.

"सुई लावली की गाठ चवताळती, माय. आन परक्या बाप्यापुढं अंग उघडं करायचं नाय मला. तुझ्याकडंच येते. तुझा कॅमेरा बिनसुईचा हाय ना?"

"आई, तो उंदरांचा हाय. माणसाच्या गाठीत उजेड नसतो. आन उंदरालाबी आधी सुईच देतात."

"मंग तो उंदीर जगतो का?"

 माझ्या गप्प बसण्याचा तिनं तिचा अर्थ लावला, सुईनं मरणच येतं. मग कांद्याची लावणी, भाचीचं लग्न, एकेक कारण निघत राहिलं.

शेवटी खालानंच भांडून नेलं. संभाजीनगरला क्रांती चौकातून रिक्षा केली, सुई टोचताना आईचा हात धरला. लई उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. सुट्टी मिळून मी पोचले तेव्हा आई ओळखत होती, बोलत नव्हती. ती गेल्यावर चार लोक म्हणाले, लेक एवढ्या मोठ्या ठिकाणी असून काय उपयोग झाला? खरंच आहे.

घर सोडून गेलेल्यांनो, आपण इकडून नवलाचं सांगतो. तिकडं त्याचा काय आधार धरला जातो, ते आपल्याला दिसत नाही. आजही मी ते पिंजरे धुते. पडद्यावर ठिपका उजळला की मॅडम खूश होतात. मी मान फिरवते.

आता गाव म्हटलं की खालाचा ओटा. आमच्या घराला कुलूप आहे. खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दोरा ओवता येत नाही. ऑपरेशनचं काढलं की जन्मभर सुई चालवलेली ही बाई म्हणते, "आँख में सुई? नक्को बाबा."

खाला, या वेळी मी फोनवर सांगत बसणार नाही. येईन, भांडेन, रिक्षात घालून नेईन. आणि तुझा हात मी धरीन.