कोऱ्या चेहऱ्यांचे खलाशी

बंदरावर होड्यांची नावं रंगवणारा तो माणूस फावल्या वेळात जुन्या जपानी ठसाचित्रांच्या हुबेहूब नकला हातानं रंगवायचा. तीच निळी लाट, त्याच होड्या; फक्त खलाशांचे चेहरे कोरे.

"यांना तोंडं कुठं आहेत रे?" मी विचारायचो.

"तोंड काढलं की लाट वळखते, गुरुजी," कुंचला पोटरीला पुसत तो म्हणायचा.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. एकदा त्याचं चित्र मी स्वतःची सही करून प्रदर्शनात लावलं आणि बक्षीसही घेतलं. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

तो कामावरून तसाच, रंगाचा डबा घेऊन बघायला आला. सहीवरून बोट फिरवलं. भांडला नाही. एका खलाशाला शांतपणे चेहरा काढला.

"सही करणाऱ्यानं होडीत बसायला नको, गुरुजी?"

मी तेव्हा चाळिशीतला. त्यानं काढला तो म्हाताऱ्याचा चेहरा, डाव्या भुवईत खाच असलेला. मला हसूच आलं.

गेल्या वर्षी मी न्हाणीत पडलो. डाव्या भुवईला टाके पडले.

काल ती सही खरवडून काढली. म्हातारा मात्र होडीतून उतरत नाही.