नूरमामद मिस्त्रीची पायरीची चावी

जीवतीचं पाणी उपसायचं इंजिन काल सकाळी बंद पडलं आणि दुपारच्या आत तिन्ही बाजूंच्या मिठागरांतली माणसं चौकशीला येऊन गेली. रणात, ह्या खाऱ्या वाळवंटात, असंच. तिथं शेजार दिसत नाही, ऐकू येतो. कुणाचं इंजिन कसं ठोकतं ते ज्याला त्याला ठाऊक असतं. एखादा ठोका थांबला की माणूस तव्यावरची भाकरी तशीच टाकून चालायला लागतो.

माघ सरत आला होता. वाफ्यात बोटभर मीठ धरलं होतं. आणखी दोन दिवस विहिरीचं खारं पाणी वर चढलं नसतं, तर दाणा बारीक पडून मीठ कडू झालं असतं आणि दिवाळीपासूनचं राबणं मातीत गेलं असतं. म्हणून जीवतीचा नवरा कुका रणाच्या कडेच्या पाटडी गावाला गेला आणि नूरमामद मिस्त्रीला ट्रॅक्टरवर बसवून घेऊन आला.

खरं तर मिस्त्रीनं रणात जाणं सोडलं होतं. वय पासष्टच्या पुढं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा नावाला. दुकान पोरं बघत होती. पण "पुतळीमाच्या घरचं इंजिन" एवढं कानावर पडलं आणि म्हाताऱ्यानं पिशवी उचलली.

पुतळीमा म्हणजे जीवतीची सासू. ती जाऊन दोन वर्षं झाली. चाळीस वर्षांमागं नूरमामदनं रणात पहिलं इंजिन उघडलं ते तिचं. चाक आणि क्रँकचा दांडा यांना जखडून धरणारी चावी त्यानं तेव्हा ढिली बसवली. तिसऱ्या दिवशी चाक दांड्यावरनं सुटलं आणि मिठाचा वाफा चिरत थेट झोपडीच्या दारात जाऊन आडवं पडलं. तरुण नूरमामद तोंड लपवून पळायच्या बेतात होता. पुतळीमा एवढंच म्हणाली, "चाकानं माझं घर बघितलं. आता तू नीट चावी बघ." विचारायला आलेल्यांना तिनं सांगितलं, "मीच काढायला लावलं चाक." त्या एका वाक्यावर मिस्त्रीला पुढं सगळ्या रणाचं काम मिळालं.

आता तेच इंजिन. मिस्त्रीनं चाक उतरवलं आणि दांड्याच्या खाचेत बोट घातलं. आतनं पत्र्याची एक पट्टी निघाली. मग दुसरी. मग तिसरी, तिच्यावर चहाच्या डब्याचं चित्र.

"कुकाभाई, दांडा हाय का भंगाराचं दुकान?"

"ठोकत व्हतं, चाचा. पत्रा घातला की थांबायचं."

"थांबायचं न्हाई. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबत व्हतास. आत चावी हलत ऱ्हायली आन् खाच खाऊन बसली."

खाचेची एक भिंत झिजून तोंड मडक्यासारखं पसरलं होतं. कुका चाचरत म्हणाला, "क्रँक काढून राजकोटला धाडू या?"

"जायला यायला धरून आठ दिस. तवर तुझं मीठ काय पाहुण्यासारखं बसून ऱ्हाईल?"

मिस्त्रीनं दांडा जागच्या जागी, खाच वर करून, लाकडी पाचरींनी घट्ट केला. लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून बेअरिंगच्या तोंडाशी ग्रीस माखलेली चिंधी बांधली. मग छिन्नीनं हलकं हलकं आणि कानशीनं खाचेच्या दोन्ही भिंती सरळ केल्या. तेवढ्यानं दांड्यातली खाच रुंद झाली, चाकातली मात्र होती तेवढीच अरुंद. म्हणून चावी पायरीची हवी होती. खाली दांड्यात जाड, वर चाकात बारीक. चौकोनी पोलादाचा तुकडा त्यानं मांडीशी धरला आणि घासायला बसला.

चावी बरोबर बसते का ते बघायला चुलीची काजळी एरंडेलात कालवून खाचेत लावायची. चावी ठोकायची, काढायची. जिथं काळं लागलं तिथं उंच, तिथंच घासायचं. पण हे काळं बघायला डोळे लागतात. मिस्त्रीनं चावी उन्हात धरली, फिरवली, पुन्हा धरली. काही दिसेना. तीच चावी, तेच घर, आणि पुन्हा ढिली बसली तर?

जीवतीनं चावी त्याच्या हातातनं काढून घेतली.

"डाव्या अंगाला, डोक्याकडं. बाजरीएवढं."

मिस्त्रीनं तिथं बोट टेकवलं, घासलं. पुन्हा काजळी.

"आता राईएवढं. खाली."

कुका कंटाळला. "ह्या चालीनं पावसाळा येईल, चाचा."

"तू गप," जीवती म्हणाली. "चहाचा रिकामा डबा मागितला तवा मी इचारायला पायजे व्हतं, ह्याला पत्रा कशाला लागतोय."

मिस्त्री हसला आणि त्याचा हात सैल झाला. किती फेऱ्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत. शेवटी जीवती म्हणाली, "सगळीकडं सारखं काळं, चाचा. भाकरी करपल्यागत." तेव्हा चाक चढवलं, चावी मारली. हातोडीचा आवाज आधी बद्द येत होता, मग घंटेसारखा खणकला. मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली.

कुकानं हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि लागलं. मिस्त्रीनं पंपाचा पट्टा मात्र चढवू दिला नाही. तासभर रिकामं चालवलं, बंद केलं, चावीला पुन्हा हातोडी दिली. केसभर आत गेली. मग म्हणाला, "आता दे पाणी." विहिरीचं खारं पाणी पाटातनं धावलं आणि वाफ्यात पसरलं.

जीवती लोटा घेऊन आली. इथं हात, भांडी, कपडे सगळं खाऱ्यातच. गोडं पाणी टँकरनं पंधरवड्याला येतं आणि पिंपाचा तळ दिसायला लागला होता.

"खारं चालंल, लेकी."

"सासू सांगून गेलीय. मिस्त्रीचे हात गोड्या पाण्यानं."

म्हाताऱ्याला आठवलं. चाक दारात पडलेलं असतानाही पुतळीमानं आधी लोटाच आणला होता. तेव्हा ते पाणी त्यानं कमावलेलं नव्हतं. त्यानं ओंजळ पुढं केली. काळं पाणी जमिनीवर पडलं आणि लगेच जिरलं.

दूर पांढऱ्यावर काहीतरी हललं.

"कोण गं ते?"

"पल्याडच्या आगरातला सवशीभाई. खांद्यावर दोर घेऊन निघाला व्हता मदतीला." जीवतीनं डोळ्यांवर हात धरला. "उभा ऱ्हायला. ठोका ऐकतोय. फिरला माघारी."

मिस्त्रीनं ओले हात धोतराला पुसले नाहीत. तसेच वाऱ्यावर धरून तोही ऐकत बसला.