शिंक्यातला उडता लोटा

इंग्रजांच्या अमदानीतली आमची गावातली शाळा चौथीपर्यंतच होती, आणि ज्वारीत दाणा भरला की तीही ओस पडायची. सगळी पोरं मचाणावर चढून गोफणीने पाखरं हाकायची. त्या वर्षी वडिलांनी मला तर शाळेतून कायमचं काढायचं ठरवलं. गाडी जुंपून ते थेट शाळेच्या अंगणात आले.

"चाल, पोरी. चिड्या ज्वारी खाई ऱ्हायन्यात."

मला शाळा जिवापाड आवडायची. मी भोकाड पसरलं.

मास्तर नाशिककडचे, नको तितके उत्साही. ते वडिलांना म्हणाले, "नेण्याआधी पोर काय शिकली ते तरी बघा!"

आमचा हातखंडा प्रयोग पाण्याच्या लोट्याचा. भरलेला लोटा छोट्या शिंक्यात बसवायचा, शिंक्याच्या दोन्ही दोऱ्या मुठीत घट्ट धरायच्या आणि डोक्यावरून गरगर फिरवायचा. लोटा उलटा झाला तरी पाणी सांडत नाही. पाण्याला सरळ पळायचं असतं आणि लोटा त्याला सारखा वळवत राहतो, असं मास्तर सांगायचे.

मी डोळे पुसले, परकर खोचला आणि लोटा फिरवला. थेंबही पडला नाही. वडिलांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, जिंकलं! आणि तिथेच मी माती खाल्ली. सुट्टीच्या दिवशी मीही मचाणावर बसायचे. गोफणीच्या दोन दोऱ्या गरगरल्या की दगड सुटायला एक सोडायची, हे हातात इतकं मुरलेलं होतं की हाताने मला विचारलंच नाही. लोटा सुटला तो उलट्या दिशेने, थेट आमच्या बैलाच्या पाठीवर. बैल उधळले आणि गाडीसकट लोणखेड्याच्या वाटेला लागले. त्यांच्यामागे वडील.

मास्तर मात्र टाळ्या पिटत नाचत होते. "बघा, बघा! सोडलं की सरळ रेषेत जातं!"

मला त्या सरळ रेषेचा भयंकर राग आला. आता कसली शाळा नि कसलं काय!

बऱ्याच वेळाने वडील बैलांना घेऊन, पागोटं काखेत मारून, धापा टाकत परतले. मी मास्तरांच्या मागे लपले. पाणी का सांडलं नाही, याबद्दल वडिलांनी चकार शब्द काढला नाही. बैलाची ओली पाठ चोळत ते म्हणाले,

"इना नेम दखा, मास्तर! फेकस पुढे, जास मांगे! इले वावरमा बसाडी तं चिड्या वाचतीन नि मन्हा बैल मरतीन. ऱ्हाऊ द्या इले साळामाच."