यादीतली नववी ओळ

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, सांगलीच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांनी मी लिहून नेलेला कागद टेबलावर पालथा ठेवला आणि तुमच्या आजोबांना म्हणाले, "सुभेदार, तुम्हाला डिप्रेशन आहे." मग समजावलं: ही साधी उदासी नाही, ती झोप, भूक आणि जगायची इच्छाच खाऊन टाकते. औषध आहे, पण वेळ लागेल.

तिथवर पोहोचायला आम्हाला सात महिने लागले. का लागले, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते. तुम्ही सगळे लांब, एकेकटे राहता.

आजोबा फौजेतून पेन्शनवर गावी, पलूसला आले आणि उन्हाळ्यात त्यांची झोप गेली. ताटातलं अन्न तसंच राहायचं. दाढी मात्र रोज, ठरल्या वेळी, आणि बुटांना पॉलिश. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. थोरल्या दिरांनी पारावर चारचौघांत विचारलं, "पाकिस्तानला भ्याला न्हाईस, आन आता झोपंला भितोस व्हय रं?" सगळे हसले. आजोबाही हसले. त्यानंतर त्यांनी झोपेचं नाव काढलं नाही.

साताऱ्याला माझ्या माहेरच्या डॉक्टरांना त्यांनी फक्त पोटातली जळजळ सांगितली. पातळ औषधाची बाटली घेऊन परत आलो.

मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "कॅटेगरी करतील माजी." हा पलटणीतला शब्द. आजारी जवानाची वैद्यकीय श्रेणी खाली उतरवतात. आमच्याकडे मात्र 'कॅटेगरी झाला' म्हणजे माणूस कामातून गेला. पेन्शनवरच्या माणसाची कोण कॅटेगरी करणार, असा मी वाद घातला. ते म्हणाले, "डोक्याचा कागद निगाला, तर पोराच्या भरतीला आडवा यील." तुमचे थोरले काका तेव्हा भरतीची तयारी करत होते. मी तो विषय सोडला.

दिवाळीनंतर एका दुपारी मी ज्वारी निवडत होते. शेजारी बसून ते सहज म्हणाले, "माज्याबगर तुमचं लय बरं चालंल."

"काहीतरीच बोलता," म्हटलं आणि खडे काढत राहिले.

त्याच आठवड्यात, माझे गुडघे दाखवायचेत असं खोटं सांगून त्यांना सांगलीला नेलं. बाकावर दोन तास बसलो. मनाच्या डॉक्टरांची पाटी वाचूनही ते उठले नाहीत. भिंतीला पाठ न टेकता बसून राहिले.

मी लक्षणांची यादी केली होती. इंग्रजीत, क्रमांक घालून, आठ ओळी. झोप, भूक, वजन, सगळं होतं. ज्वारी निवडतानाचं वाक्य नव्हतं. ते कागदावर यावं याची मला लाज वाटली.

डॉक्टरांनी यादी वाचली. "यात काय लिहायचं राहिलंय?"

मी खाली बघितलं. त्यांनी पेन आजोबांपुढे धरलं.

"सायब, कॅटेगरी?"

"हा कागद तुमच्या घरी जाईल, सुभेदार. कुठल्या हापिसात नाही."

आजोबांनी बराच वेळ घेऊन एक ओळ लिहिली.

पाच आठवडे ते वॉर्डात होते. गोळ्या इमिप्रामिनच्या, मनावरचा भार हलका करणाऱ्या. पहिले तीन आठवडे फक्त तोंड कोरडं पडलं आणि हात थरथरले. ते एकटे राहू नयेत म्हणून मी तिथंच झोपत होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी वॉर्डातल्या चहाला नावं ठेवली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

गावात अल्सर म्हणून सांगितलं. दीर शेवटपर्यंत तेच समजत होते. काका भरती झाले. कुणी कसला कागद मागितला नाही. आजार मात्र पुढे दोनदा परत आला. त्या दोन्ही वेळा आजोबा मला न सांगता सकाळच्या एस.टी.ने एकटे सांगलीला गेले. म्हातारपणी हृदयविकाराने गेले. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही.

कागद माझ्या ट्रंकेत आहे. आठ ओळी माझ्या, वळणदार. नववी त्यांची, मराठीत: 'मला जगावंसं वाटत नाही.'

तुमच्यापैकी कुणावर ही ओळ लिहायची वेळ आली, तर ती पहिल्या क्रमांकावर लिहा.